गळ्यावरच्या पांढऱ्याने फसू नये: झिम्बाब्वेतले दोन रॉबिन

झिम्बाब्वेच्या पूर्व सीमेवरील व्हुंबा आणि चिरिंडाच्या डोंगरी जंगलांत चिमणीएवढे दोन रॉबिन, पांढऱ्या चांदण्यांचा आणि स्विनर्टनचा, एकाच झाडोऱ्यात, जमिनीलगत किडे टिपत हिंडतात. दोघेही आपल्या दयाळाच्याच कुळातले आहेत. दोघांचे डोके राखाडी, पाठ हिरवट आणि गळ्यावर पांढरी खूण असते, त्यामुळे तिथल्या अंधुक उजेडात भलेभले गोंधळतात.

ही पांढरी खूणच आधी नीट पाहावी. पांढऱ्या चांदण्यांच्या रॉबिनला प्रत्येक डोळ्यापुढे एक आणि गळ्याच्या मधोमध एक असे बारीक ठिपके असतात. शास्त्रीय नावातला ‘स्टेलाटा’ हा शब्दही ताऱ्यांवरूनच आला. गंमत अशी की, पक्षी निवांत असताना हे ठिपके बहुधा पिसांखाली झाकलेले राहतात आणि तो चिडला किंवा बिथरला की चमकतात. याउलट स्विनर्टनच्या रॉबिनच्या गळ्याखाली, काळ्या कडेची, ठसठशीत पांढरी चंद्रकोर असते. चिरिंडाजवळ राहणारे निसर्गअभ्यासक चार्ल्स स्विनर्टन यांचे नाव या पक्ष्याला 1906 साली मिळाले.

पहिल्याचे पोट सोनेरी पिवळे. दुसऱ्याची छाती व कुशी नारिंगी आणि पोटाचा मधला भाग पांढरा. मादीचे डोके हिरवट झाक असलेले व फिके असल्याने स्विनर्टनच्या बाबतीत नर-मादी ओळखता येतात, चांदण्यांच्या रॉबिनमध्ये मात्र दोघे सारखेच दिसतात. तरीही माझा भरवसा शेपटीवर आहे, कारण पक्षी बहुतेक वेळा पाठ फिरवून निसटतानाच दिसतो: बाजूंना लख्ख पिवळे आणि मध्ये व टोकाला काळे दिसले, तर तो चांदण्यांचा, शेपटी सरसकट गडद असेल, तर स्विनर्टनचा. पिल्लांच्या बाबतीत एवढी खात्री देता येत नाही, कारण दोन्हींची पिल्ले ठिपकेदार असतात.

पसाऱ्यात फरक मोठा आहे. चांदण्यांचा रॉबिन दक्षिण सुदानपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आढळतो आणि तिथे हिवाळ्यात डोंगर उतरून किनाऱ्याच्या रानांतही येतो. स्विनर्टनचा मात्र पूर्व झिम्बाब्वे, मोझांबिकमधील गोरोंगोझा आणि टांझानियातील पूर्व उसांबारा व उडझुंग्वा अशा तुटक डोंगरांपुरताच उरला असून, जंगलतोडीमुळे त्याची गणना असुरक्षित जातींत होते.

घरटे सापडल्यास प्रश्नच मिटतो. चांदण्यांचा रॉबिन जमिनीवर, बाजूने दार असलेले घुमटाकार घरटे बांधतो, तर स्विनर्टनचा ड्रेसिना या लांब पानांच्या झुडपाच्या पानांच्या बेचक्यात वाटीसारखे.