कडक कॉफी आणि कडू कॉफी: पूड वाढवायची की दळण बारीक करायचं?

कॉफी कडक हवी म्हणून हाताच्या ग्राइंडरची चकती दोन क्लिक बारीककडे फिरवायची, ही सवय मला बरेच महिने होती. कॉफी व्हायची ती कडू. मला वाटायचं, कडक कॉफी अशीच लागत असणार. तशी ती लागत नाही. कडकपणा मुख्यतः वजनकाट्यावर ठरतो आणि कडूपणा बराचसा दळणावर. हे एकदा लक्षात आलं की त्याच बियांची, त्याच ग्राइंडरची कॉफी बदलून जाते.

कडकपणा म्हणजे कपातल्या पाण्यात कॉफीचा अंश किती, एवढंच. कागदी फिल्टरमधून गाळलेल्या कॉफीत हा अंश साधारण 1.2 ते 1.5 टक्के असतो, बाकी सगळं पाणी. एस्प्रेसोत तो 8 ते 12 टक्क्यांपर्यंत जातो. कडूपणाचा संबंध वेगळ्या आकड्याशी आहे: पुडीतून किती भाग पाण्यात उतरला. बियांच्या वजनापैकी सुमारे 30 टक्केच पाण्यात विरघळू शकतं, आणि तेही सगळं उतरवायचं नसतं. आंबटपणा आधी उतरतो, मागून गोडवा येतो, आणि जीभ कोरडी करणारा कडवटपणा सर्वांत शेवटी. अमेरिकेत 1950 च्या दशकात अर्नेस्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने कॉफीचा जो प्रसिद्ध आलेख मांडला, त्यात हे दोन आकडे दोन वेगळ्या अक्षांवर आहेत. चांगल्या चवीसाठी पुडीतून 18 ते 22 टक्के उतरावं, हा त्यातला पट्टा आजही वापरला जातो.

आता हिशोब करून पाहू. 15 ग्रॅम पूड, 250 ग्रॅम पाणी. 20 टक्के उतरलं, म्हणजे 3 ग्रॅम. ओल्या पुडीत सुमारे 30 ग्रॅम पाणी अडकून राहतं, कपात येतात 220 ग्रॅम. कडकपणा झाला जवळपास 1.4 टक्के. हीच 15 ग्रॅम पूड बारीक दळून 24 टक्के उतरवलं, तर कपात 3.6 ग्रॅम येतील. कडकपणा वाढला, 1.6 झाला, पण वाढलेला 0.6 ग्रॅम हा शेवटी उतरणारा भाग आहे. म्हणूनच गफलत होते: बारीक दळलेली कॉफी थोडी कडक होतेच, फक्त कडूपणा सोबत घेऊन येते. त्याऐवजी दळण तसंच ठेवून 20 ग्रॅम पूड घेतली, तर कडकपणा 1.8 च्या पुढे जाऊ शकतो आणि कडूपणा वाढत नाही.

बारीक दळल्याने इतका फरक का पडतो, तर पृष्ठभागामुळे. कणाची जाडी निम्मी केली की तेवढ्याच पुडीचा पृष्ठभाग दुप्पट होतो आणि पाण्याला कणाच्या आत शिरायला अंतरही कमी उरतं. फिल्टरमध्ये पाणी तुंबतं, जास्त वेळ पुडीत राहतं, आणि जे उतरायला नको तेही उतरतं.

हाताच्या ग्राइंडरमध्ये आणखी एक भानगड असते. मधला आस डुगडुगत असेल तर बिया दळणारा आतला शंकू बाहेरच्या कड्यात मधोमध राहत नाही. मग एकाच दळणात जाड मिठाएवढे खडेही येतात आणि पिठासारखी धूळही. अशी पूड पांढऱ्या कागदावर चिमूटभर पसरून बोटाने सारवून पाहा, धुळीचा पट्टा लगेच दिसतो. धुळीतून कडूपणा येतो, खड्यांमधून आंबटपणा, आणि कॉफी एकाच घोटात दोन्ही लागते. इथे कितीही क्लिक फिरवले तरी फारसं हाती लागत नाही, आधी तो आस घट्ट बसवायला हवा. क्लिकही नेहमी शून्यापासून मोजावेत: शंकू आणि कडं एकमेकांना घासून फिरवायचा दांडा अडू लागतो ते शून्य. खोलून साफ केल्यावर ते पुन्हा तपासलेलं बरं.

कप समोर आहे आणि कळत नाहीये की हा कडक आहे की कडू, तर त्यात चार चमचे गरम पाणी घाला. माझ्या मते याहून सोपी परीक्षा नाही. चव मोकळी झाली, मागचा गोडवा पुढे आला, तर कॉफी नुसतीच कडक होती. पुढच्या वेळी एखाद-दोन ग्रॅम पूड कमी घ्या, ग्राइंडरला हात लावू नका. पातळ होऊनही जिभेच्या मागे तोच कडवटपणा रेंगाळला, तर दळण एक-दोन क्लिक भरड करा. गंमत म्हणजे पातळ कॉफीही कडू असू शकते: थोडी पूड, भरपूर पाणी आणि अतिबारीक दळण एकत्र आलं की नेमकी तीच तयार होते.

पूड वाढवताना फिल्टरकडे मात्र लक्ष ठेवा. थर जाड होतो, पाणी खाली यायला वेळ लागतो. एरवी तीन मिनिटांत गळणारी कॉफी साडेचारवर गेली, तर एक क्लिक भरड करा. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे पूड पाण्यात भिजवून वरून जाळी दाबायच्या भांड्यात, हा प्रश्न येत नाही, तिथे वेळ आपल्याच हातात असतो.

आणि बिया काळ्याकुट्ट, तेलकट भाजलेल्या असतील, तर कडूपणा भाजतानाच आत आलेला असतो. दळण भरड केल्याने आणि पाणी 88-90 अंशांवर आणल्याने तो सौम्य होतो, जात नाही. तो नको असेल तर मध्यम भाजलेल्या बिया घ्या.