'आत असतंच' हा भरवसा आला कुठून?

लॅपटॉप बंद पडला की म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या दुकानात गिऱ्हाईक बहुधा एकच मागणं करतं: "मशीन गेलं तर जाऊ दे, फोटो तेवढे काढून द्या." डिस्क मेली तरी आतला माल शाबूत असतो, अशी त्यामागे पक्की खात्री. ही खात्री एका ठरावीक काळात तयार झाली आणि तो काळ आता सरत आला आहे.

हार्ड डिस्क जन्माला आली 1956 साली. आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि सगळ्यांत मिळून जेमतेम पावणेचार मेगाबाइट मावत. 1983 च्या आयबीएमच्या पीसी एक्सटी या संगणकात 10 मेगाबाइटची डिस्क आली आणि डेटा हरवणं हे ऑफिसातलं रोजचं दुखणं झालं. त्यावरचा उतारा डॉस या तेव्हाच्या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या आळसातच दडला होता. फाइल डिलीट केली की डॉस फक्त यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडायचा आणि जागा मोकळी झाल्याची नोंद करायचा. मजकुराला हात लावायचा नाही. पीटर नॉर्टन या प्रोग्रामरने 1982 मध्ये हेच हेरून डिलीट झालेली फाइल परत आणणारं अनइरेज लिहिलं. मायक्रोसॉफ्टने 1991 च्या डॉस 5 मध्ये स्वतःचं अनडिलीट दिलं. ते चालवलं की फाइलचं नाव पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घेऊन यायचं आणि ते अक्षर आपण आठवून टाइप करायचं. फाइल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असली, तर मात्र एकीचं डोकं आणि दुसरीची शेपटी हाती यायची.

गोव्यात या गोष्टीत वीज खात्याचं नव्हे, मे-जूनच्या गडगडाटाचं पात्र मोठं. फाइल सेव्ह होत असतानाच लाइट गेली की अर्धवट नोंदी तशाच राहायच्या. विंडोज 98 पुढच्या वेळी सुरू होताना निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवायचं आणि सापडलेले तुकडे सीएचके नावाच्या फाइलींत टाकायचं. जत्रेची पत्रिका किंवा नाटकाचं हँडबिल रात्रीत छापून द्यायचं असलेला डीटीपीवाला त्या फाइली एकेक उघडून बघायचा. मजकूर असायचाही, पण दिसायचा रोमन अक्षरांची खिचडी होऊन. तेव्हाचे मराठी फाँट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरसंकेत पद्धत, पाळणारे नव्हते. अक्षरं तीच, योग्य तो फाँट लावल्याशिवाय मराठी उमटायचं नाही. डेटा मिळूनही वाचता न येणं हा अनुभव इंग्रजीत काम करणाऱ्यांना फारसा आला नसेल.

पुढे विंडोज एक्सपीबरोबर 2001 नंतर एनटीएफएस, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची नवी पद्धत, घरोघरी आली. ती बदलांची आगाऊ नोंदवही ठेवते, म्हणून लाइट गेल्यावर डिस्कचा सांगाडा, म्हणजे फाइलींची यादी आणि जागांचा हिशोब, सावरतो. ही नोंदवही सांगाड्याची असते, मजकुराची नव्हे. "एनटीएफएस आहे, काही होत नाही" असं बेफिकीर सांगणारे अजून भेटतात!

तबकडीवाल्या डिस्कचं खरं मरण यांत्रिक. टक-टक असा ठराविक आवाज आला की वाचणारा हेड बिघडला असं धरावं आणि आधी वीज तोडावी. पूर्वी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून खालचं सर्किट बदललं की काम भागायचं. नंतरच्या डिस्कांत प्रत्येकीची जुळणी तिच्याच सर्किटवरच्या चिपमध्ये असते. ती चिपही हलवावी लागते. मरणाऱ्या डिस्कवर विंडोजचा चेकडिस्क हा दुरुस्ती प्रोग्राम चालवणं हा तर निव्वळ घातकी सल्ला, कारण तो दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावरच लिहितो. 2004 पासूनच्या डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामची रीत शहाणी आहे: चांगला भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवायचा, खराब सेक्टरांशी (डिस्कच्या छोट्या कप्प्यांशी) झुंज नंतर, आणि दुरुस्ती फक्त त्या प्रतीवर.

मग एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांत साठवणाऱ्या डिस्का, आल्या. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून, फाइल डिलीट होताच ट्रिम नावाची सूचना डिस्कला जाते आणि डिस्क सवडीने ती जागा आतून खरोखरच साफ करते. नॉर्टनची युक्ती ज्या आळसावर उभी होती, तोच गेला.

दुसरा फरक कुलपाचा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. डिस्का धडधाकट होत्या. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल उडवली की मशीन सुरू. मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, लावलेल्या मशीनवर तिथवर पोचायलाच 48 आकडी रिकव्हरी की हवी होती. त्याच वर्षीच्या विंडोज 11 च्या नव्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपांवर हे कुलूप आपोआप लागतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. म्हणून दुकानदाराने आज आधी विचारायला हवं ते हे, की लॅपटॉप कुठल्या ई-मेलने सुरू केला होता. पुष्कळ घरांत ते खातं विकणाऱ्याने किंवा मुंबईला गेलेल्या भाच्याने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो.