रानडे दांपत्य: सरकारी चाकरी, वाड्यातलं घर आणि सेवासदन

महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांच्या आयुष्याची चर्चा १८७३ च्या लग्नापाशी अडते, आणि ते योग्यच आहे. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. तुकडीतले (१८६२), पुढे एम.ए., एलएल.बी. झालेले रानडे तोवर विष्णुशास्त्री पंडितांबरोबर विधवाविवाहाच्या चळवळीत होते. या प्रश्नावर १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला, निकाल चळवळीच्या विरोधात गेला आणि तिच्या पुरस्कर्त्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, झालं. ऑक्टोबर १८७३ मध्ये रानड्यांची पहिली पत्नी वारली. मुलगा आता विधवेशीच लग्न लावणार, या धास्तीने वडील गोविंदरावांनी देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगी तातडीने पसंत केली. रानडे ३१ वर्षांचे, मुलगी ११ वर्षांची. थोडं थांबा, ही त्यांची विनंती वडिलांनी मानली नाही आणि त्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. त्यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही.

पण या संसाराला आकार दिला तो नुसत्या त्या एका माघारीने नव्हे. नवऱ्याची सरकारी नोकरी आणि बायकोच्या वाट्याला आलेलं एकत्र कुटुंब, या दोन चौकटींतून काय जाऊ शकतं आणि काय अडतं, हे पाहिलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात.

नोकरीचं आधी. रानडे १८७१ च्या अखेरीस न्यायखात्यात पुण्याला आले. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी निघाली होती. तिचा नियम मोठा शहाणपणाचा होता: सभासद व्हायचं तर किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. त्यामुळे सरकारला ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असं विचारता येईना. सभेचा चेहरा गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका. न्यायाधीशाला सरकारविरुद्ध उघड उभं राहता येत नव्हतं, म्हणून रानडे मागे राहिले. १८७८ पासून निघालेल्या सभेच्या त्रैमासिकातला मोठा मजकूर त्यांचाच, पण निनावी.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. १८७८ मध्ये त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्या वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड आणि पुण्यातल्या बुधवारवाड्याची आग, या धामधुमीत त्यांना धुळ्याला धाडलं. तिथे त्यांचा टपाल फोडून वाचला जाई. बंडवाल्यांच्या नावाने पत्रंही येत. रानडे ती सरळ पोलिसांकडे देत.

आता घराचं. लग्नानंतर लगेच रानड्यांनी रमाबाईंना अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड येत, तर त्यांच्या शिकवणीनंतर रमाबाईंनी अंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचं नाही. रानडे बायकोची बाजू घेऊन घरात भांडले नाहीत. सोसायचं, उलट उत्तर द्यायचं नाही आणि शिकणं सोडायचं नाही, ही त्यांची रीत. झळ कोणाला लागली, हे रमाबाईंनी १९१० साली छापलेल्या आठवणींत पुरतं उतरलं आहे, आणि त्या पुस्तकाचं खरं मोल तिथेच आहे.

म्हणून शिक्षा म्हणून झालेल्या बदल्या रमाबाईंच्या पथ्यावर पडल्या. नाशिकला वाड्यातली नजर नव्हती. तिथे वाचन सलग चाललं आणि त्यांचं पहिलं जाहीर भाषणही तिथेच झालं, रानड्यांनी लिहून दिलेलं. पुण्यात परतल्यावर पुन्हा जाच. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला, आणि तिथे जाण्यावरूनही घरात बोलणी बसू लागली. मुलींच्या इंग्रजी शाळेसाठी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्यापुढे रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचलं. तेव्हा तर कहरच झाला. ती शाळा १८८४ मध्ये सुरू झाली आणि पुढे हुजूरपागा म्हणून ओळखली गेली. पहिल्या मुख्याध्यापिका याच मिस हरफर्ड. १८८६ मध्ये वित्त समितीच्या कामासाठी रानड्यांना सिमला-कलकत्त्याकडे जावं लागलं, तेव्हा रमाबाई बरोबर होत्या. कलकत्त्यात रानडे आधी स्वतः बंगाली शिकले आणि मग त्यांनी तिलाही शिकवलं.

दुसरी मोठी माघार पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनची. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि पुन्हा ग्रामण्य उभं राहिलं. स्नेह्यांच्या घरची कार्यं अडू लागली, तेव्हा १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. रमाबाईंना ते रुचलं नाही, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. चहा पिणारे टिळकही होते. पण सुधारक म्हणवणाऱ्याने वाकणं लोकांना जास्त खुपलं.

१८९३ मध्ये न्यायमूर्ती तेलंगांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयात गेले. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी समाजसुधारकांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू देण्याला विरोध झाला. त्यांनी ती दुसरीकडे भरवली. त्याच सुमारास सार्वजनिक सभा टिळक गटाकडे गेली आणि १८९६ मध्ये रानड्यांच्या बाजूची डेक्कन सभा निघाली. १६ जानेवारी १९०१ ला रानडे वारले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्याही नव्हत्या.

पुढची तेवीस वर्षं त्यांची स्वतःची. आता नोकरीची अडचण नव्हती आणि भाषण लिहून देणारंही कोणी नव्हतं. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन उभं राहिलं. दान वाटण्यापेक्षा बाईच्या हाताला कमाई देण्यावर तिथे भर होता: शिवणकाम, शिक्षिका होण्याचं शिक्षण, वसतिगृह, आणि ससून रुग्णालयातलं परिचारिकेचं काम. शेवटचं सर्वांत अवघड, कारण विधवा मुलीने परक्या रोग्याला हात लावायचा, हे ब्राह्मण घरांना पटेना. त्या मुलींचं राहणं, जेवणखाण आणि येणं-जाणं संस्थेच्या देखरेखीत आहे, एवढी खात्री दिल्यावरच घरचे तयार होत. १९२१ च्या सुमारास मुंबई प्रांतातल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीतही रमाबाई पुढे होत्या.