व्यक्तिमत्त्व चाचणी

व्यक्तिमत्त्व चाचणी : लोकसेवा आयोगांच्या स्पर्धा परीक्षांमधील पूर्व आणि मुख्य परीक्षेनंतरचा अखेरचा, तोंडी टप्पा. बोलण्यात त्याला मुलाखत असेच म्हणतात. मात्र येथे उमेदवाराच्या ज्ञानाची फेरतपासणी होत नसून त्याची विचारपद्धती, समतोल, प्रामाणिकपणा आणि लोकसेवेसाठीची योग्यता पाहिली जाते, हे अधिकृत नावातून अधिक नेमके कळते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत या चाचणीला २७५ गुण असतात आणि मुख्य परीक्षेचे १७५० गुण धरून एकूण २०२५ गुणांवर अंतिम यादी लागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेत मुख्य परीक्षा ८०० आणि मुलाखत १०० गुणांची होती. २०२५ च्या परीक्षेपासून वर्णनात्मक पद्धत आली आणि राज्यातही केंद्राप्रमाणेच १७५० व २७५ अशी विभागणी झाली.

चाचणीला किती वजन द्यावे, हा जुना वाद आहे. दौलतसिंग कोठारी समितीच्या शिफारशींनुसार १९७९ पासून केंद्रीय परीक्षेत तिला २५० गुण होते, सतीशचंद्र समितीनंतर १९९३ मध्ये ते ३०० झाले आणि २०१३ पासून २७५ आहेत. लेखी परीक्षेत मागे असलेला उमेदवार मुलाखतीच्या जोरावर वर जाऊ लागला, तर पक्षपाताला वाव मिळतो, ही शंका रास्त आहे. हरियाणातील भरतीत ९०० पैकी २०० गुण मुलाखतीला होते. अशोककुमार यादव खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण अवाजवी ठरवले आणि त्या वेळी केंद्रीय आयोगात असलेले १२.२ टक्क्यांचे प्रमाण योग्य मानले. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने कनिष्ठ अराजपत्रित पदांसाठीच्या मुलाखतीच बंद केल्या.

चाचणीची तयारी सविस्तर अर्जापासून होते. उमेदवार त्याला 'डॅफ' (डिटेल्ड ॲप्लिकेशन फॉर्म) म्हणतात. गाव, जिल्हा, शिक्षण, नोकरी, छंद आणि सेवांचा पसंतीक्रम ही त्यातील माहिती मुलाखत घेणाऱ्या मंडळासमोर असते आणि बरेचसे प्रश्न तिच्यातूनच निघतात. त्यामुळे वर्षभर चालू घडामोडी पाठ करणारा उमेदवार स्वतःच्या तालुक्याच्या प्रश्नावर अडखळतो, तेव्हा त्याचे नुकसान अधिक होते. जळगावच्या उमेदवाराला केळीच्या पीक विम्याबद्दल, सोलापूरच्या उमेदवाराला यंत्रमाग आणि चादरीबद्दल, बीडच्या उमेदवाराला ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराबद्दल आणि त्यांच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलता आले पाहिजे. तेही केवळ अडचण सांगून नव्हे, तर जिल्हाधिकारी असतो तर पहिले पाऊल कोणते उचलले असते, हे सांगून. छंदाच्या रकान्यात 'किल्ल्यांची भटकंती' असे लिहिणाऱ्याने केवळ गड पाहिले असणे पुरत नाही. राजधानी राजगडावरून रायगडावर का गेली, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी जिंजी तमिळनाडूत असूनही त्या यादीत का आहे, एखाद्या गडाची डागडुजी केंद्रीय पुरातत्त्व खात्याने करायची की राज्याच्या, अशा प्रश्नांपर्यंत बोलणे सहज जाऊ शकते. म्हणून जो छंद खरोखर जोपासला आहे तोच लिहावा. शोभेसाठी लिहिलेला छंद दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

भाषेची निवड हा मराठी उमेदवारांच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे. केंद्रीय आयोगासमोर मराठीतून मुलाखत देता येते आणि त्यासाठी दुभाषी असतो. ज्याला इंग्रजीत विचार मांडताना शब्द शोधावे लागतात, त्याने संकोच न करता मराठी निवडावी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. मात्र दुभाष्यामार्फत बोलण्याचा सराव वेगळा करावा लागतो. लांबलचक वाक्याचा अर्धा भाग भाषांतरात हरवतो, तर लहान वाक्य जसेच्या तसे पोचते. 'गावठाण', 'सातबारा', 'पाणंद रस्ता' यांसारखे शब्द परप्रांतातील सदस्याला ठाऊक असतीलच असे नाही. त्यांचा अर्थ उमेदवाराने स्वतःच एका वाक्यात सांगितला, तर उत्तर स्पष्ट होते आणि त्याची विषयावरील पकडही दिसते.

केंद्रीय चाचणी नवी दिल्लीत शाहजहान मार्गावरील धोलपूर हाउसमध्ये होते. आयोगाचा एक सदस्य मंडळाचा अध्यक्ष असतो आणि त्याच्याबरोबर इतर क्षेत्रांतील तज्ज्ञ असतात. उमेदवाराचे लेखी गुण त्यांच्यासमोर नसतात. संभाषण साधारण अर्धा तास चालते. आयोगाच्या अधिसूचनेनुसार ही कडक उलटतपासणी नसून नैसर्गिक, पण दिशा आणि हेतू असलेले संभाषण असते. म्हणून उत्तर ठाऊक नसल्यास 'मला माहीत नाही, सर' हे वाक्य शांतपणे उच्चारणे ही उणीव ठरत नाही. अंदाज ठोकून तो सावरत बसणे मात्र नक्कीच महागात पडते. मतभेदाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडून थांबू नये, स्वतःचे मतही सांगावे, आणि सदस्याने नवा मुद्दा पुढे केल्यास तो ऐकून मत बदलण्याची तयारी ठेवावी. पोशाख साधा, स्वच्छ आणि अंगवळणी पडलेला असावा. त्याविषयी याहून अधिक सांगण्याजोगे नाही.

सरावासाठी घेतल्या जाणाऱ्या लुटुपुटूच्या मुलाखतीला अभिरूप मुलाखत म्हणतात. मुंबईतील राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था, पुण्यातील यशदा आणि खासगी वर्ग अशा मुलाखती घेतात. त्यांतून बसण्याची ढब, बोलण्याची घाई, वाक्यामागून येणारे 'म्हणजे' असे दोष कळतात, आणि तेवढ्यासाठी दोन-तीन पुरेशा असतात. दहा ठिकाणी जाऊन दहा परस्परविरोधी सूचना गोळा करणाऱ्याचे बोलणे पाठांतरासारखे होते, आणि अनुभवी मंडळाला ते लगेच जाणवते.

केंद्रीय परीक्षेत पदांच्या सुमारे दुप्पट उमेदवार या टप्प्यावर बोलावले जातात, म्हणजे जवळपास निम्म्यांना येथून परतावे लागते. त्यांचे मुख्य परीक्षेचे गुण पुढच्या वर्षासाठी धरले जात नाहीत. पूर्व परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. अनेक वर्षे घालवलेल्या तरुणाला हा नियम किती जड जातो, ते त्याच्या घरचे जाणतात. संमती देणाऱ्या अशा उमेदवारांची माहिती इतर नियोक्त्यांना मिळावी म्हणून केंद्रीय आयोगाने २०१८ मध्ये योजना सुरू केली. २०२५ पासून ती 'प्रतिभा सेतू' या नावाने ओळखली जाते.