पास्कल्स : अटलांटातील खाणावळ आणि नागरी हक्कांची चळवळ

जेम्स आणि रॉबर्ट पास्कल या भावांनी १९४७ साली अमेरिकेतील अटलांटा शहरात हंटर स्ट्रीटवर तीस जण बसतील एवढी छोटी खाणावळ सुरू केली, तेव्हा तिथे चूलसुद्धा नव्हती. स्वयंपाक रॉबर्ट यांच्या घरी होई आणि भावांकडे मोटार नसल्यामुळे जेवण टॅक्सीत घालून दुकानात आणले जाई. तिथे सोल फूड मिळे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांचा घरचा स्वयंपाक. त्यातल्या तळलेल्या कोंबडीने पास्कल्सचे नाव झाले आणि तिच्या मसाल्याची कृती रॉबर्ट यांनी गुपितच ठेवली.

शहराच्या मध्यवस्तीतल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी खरेदी केलेली चाले, मात्र त्याच दुकानांच्या उपाहारगृहांत त्यांना बसू दिले जात नसे. या मनाईविरुद्ध जवळच्याच कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी १५ मार्च १९६० रोजी ठिय्या आंदोलन सुरू केले. तुरुंगातून सुटलेली मुले पास्कल्समध्ये येत, त्यांचे आईवडील तिथे रात्री उशिरापर्यंत वाट पाहत बसलेले असत, आणि मुलांना फुकट जेवू घातले जाई. काहींच्या जामिनाची रक्कमही पास्कल बंधूंनीच भरली.

हे धाडस त्यांना करता आले याचे मोठे कारण, माझ्या मते, मालकी हे होते. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरातल्या स्वयंपाकीण जॉर्जिया गिलमोर यांनी १९५६ साली चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर बस बहिष्कारावरून भरलेल्या खटल्यात किंग यांच्या बाजूने साक्ष दिली, आणि उपाहारगृहातली त्यांची नोकरी गेली. पास्कल बंधूंना कामावरून काढणारे कोणी नव्हते. खाणावळ त्यांची स्वतःची होती आणि गिऱ्हाईकही मुख्यतः आपल्याच समाजाचे होते.

१९५९ मध्ये खाणावळ रस्त्यापलीकडच्या मोठ्या जागेत गेली. पुढच्याच वर्षी तिथे ‘ला कॅरोसेल’ हा जॅझ क्लब सुरू झाला, आणि वंशभेद पाळणाऱ्या त्या शहरात गोरे आणि काळे श्रोते तिथे एकत्र बसू लागले. किंग आणि चळवळीतले इतर नेते अँड्र्यू यंग, जॉन लुईस यांच्या बैठका पास्कल्समध्येच जेवणाच्या टेबलांभोवती होत. १९६७ मध्ये भावांनी शेजारी हॉटेलही बांधले. गरिबांच्या हक्कांसाठी १९६८ साली वॉशिंग्टनवर काढायच्या मोर्चाची आखणीही इथल्या बैठकांत झाली. त्या मोर्चापूर्वीच, ४ एप्रिलला, किंग यांची हत्या झाली. हंटर स्ट्रीटला आज त्यांचेच नाव आहे.