देवदासु (तेलुगू चित्रपट, १९५३)

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या बंगाली कादंबरीवर आधारलेला तेलुगू चित्रपट. दिग्दर्शक वेदांतम् राघवय्या, निर्माते डी. एल. नारायण (विनोदा पिक्चर्स). प्रमुख भूमिका : अक्किनेनी नागेश्वर राव (देवदासु), सावित्री (पार्वती), ललिता (चंद्रमुखी) आणि एस. व्ही. रंगाराव (देवदासुचे वडील). तो २६ जून १९५३ रोजी प्रदर्शित झाला. स्वतंत्र आंध्र राज्य त्यानंतर तीन महिन्यांनी, १ ऑक्टोबरला अस्तित्वात आले. तेलुगू चित्रपटाचे बिऱ्हाड तेव्हा मद्रासलाच होते. तिथेच त्याची तमिळ आवृत्तीही तयार झाली व ती त्याच वर्षी सप्टेंबरात लागली.

जमीनदाराचा मुलगा देवदासु आणि शेजारच्या गरीब घरातली पार्वती लहानपणापासून एकमेकांना धरून असतात. त्यात खोड्या आहेत, रुसवे आहेत, आणि त्याने तिला मारणेही आहे. पोरगा हाताबाहेर जातोय म्हणून वडील त्याला शिकायला शहरात धाडतात. तो परततो तेव्हा दोघेही वयात आलेले असतात; पण कुळ आणि पैसा आड येतो आणि ऐन वेळी देवदासुच कच खातो. पार्वतीला मोठमोठी मुले असलेल्या वयस्क बिजवराला दिले जाते. पुढे दारू, चंद्रमुखीचा सहवास आणि अखेर पार्वतीच्या दारातला मृत्यू.

हा प्रवास दारुड्याची शोकांतिका म्हणून सांगितला जातो. पण या चित्रपटाची खरी पकड बालपणावर आहे. मोठेपणीही तो तिला ‘पारू’ म्हणतो. ‘पल्लेकु पोदाम, पारुनि चूद्दाम’ (गावी जाऊ, पारूला पाहू) या गाण्यात तर सगळी ओढच त्या हाकेत आहे. मराठी कानाला हे नाव परके वाटत नाही. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत पार्वतीची पारूच होते.

चित्रपट सहजासहजी उभा राहिला नाही. काम मध्येच रखडले आणि भागीदार बाजूला झाल्यावर डी. एल. नारायण यांनी ते एकट्याने पुढे रेटले. पार्वतीसाठी आधी शावुकारु जानकी ठरल्या होत्या. काम पुन्हा सुरू झाले तेव्हा भूमिका सावित्रीकडे गेली आणि त्यांची कारकीर्दच पालटली. नागेश्वर राव ‘बालराजु’, ‘कीलुगुर्रम्’ अशा लोककथापटांचे नायक. त्यांना ही भूमिका पेलणार नाही, असे अनेकांचे मत होते. नशेची दृश्ये बरीचशी रात्री जागवून चित्रित केली गेली. पडद्यावरचे जड, पेंगुळलेले डोळे बऱ्याच अंशी त्या जागरणाचे आहेत. राघवय्या मुळात कुचिपुडीचे नर्तक, तरीही इथे त्यांनी अभिनयाला नाटकी होऊ दिले नाही.

संगीतकार सी. आर. सुब्बरामन चित्रपट पूर्ण होण्याआधीच, १९५२ मध्ये वारले. उरलेले काम त्यांचे सहायक विश्वनाथन–राममूर्ती यांनी पुरे केले. गीतकार म्हणून नाव समुद्राल राघवाचार्य यांचे आहे. घंटसाल यांच्या आवाजातली ‘जगमे माया’ आणि ‘कुडि एडमैते’ ही गाणी आजही तेलुगू घरांत गुणगुणली जातात. वैराग्य आणि नशा एकाच गळ्यातून उतरवणे ही घंटसालांची करामत.

कादंबरीवर त्याआधी मूकपट निघाला होता आणि प्रमथेश बरुआंचे बंगाली व हिंदी बोलपट गाजले होते. बिमल रॉय यांचा हिंदी चित्रपट १९५५ चा, म्हणजे तेलुगूनंतरचा. दाढी, अंगावर शाल आणि सोबत कुत्रे हे रूप तेलुगू भागात प्रेमभंगाचे चिन्हच होऊन बसले. प्रेमात हरलेल्याला तिथे ‘देवदासु’ म्हणतात, जसे मराठीत ‘याचा देवदास झालाय’.

१९७४ मध्ये अभिनेते कृष्णा यांनी विजयनिर्मला यांच्या दिग्दर्शनाखाली याच नावाचा नवा रंगीत चित्रपट काढला. त्याच सुमारास जुना कृष्णधवल ‘देवदासु’ पुन्हा थिएटरांत लावण्यात आला आणि गर्दी जुन्यालाच झाली.