वैद्यकीय दाखल्यांचे शुल्क

फॅमिली डॉक्टर रुग्णाला पत्रे, दाखले, भरलेले फॉर्म आणि अहवाल देतो, त्यांसाठी तपासणीच्या फीव्यतिरिक्त घेतली जाणारी रक्कम. आजारपणाच्या रजेचा दाखला, कामावर रुजू होताना लागणारे 'फिट सर्टिफिकेट', विमा कंपनीचा फॉर्म, वाहन परवान्यासाठीचा नमुना १-अ, जिमचा किंवा जलतरण तलावाचा कागद, खानावळीतल्या कामगारांची वार्षिक तपासणी हे सगळे यात येते. खासगी दवाखान्यातल्या या कामाचा दर कोणत्याही कायद्याने बांधून दिलेला नाही. कोल्हापुरात तो दवाखान्यागणिक बदलतो, काही डॉक्टर घेतच नाहीत, आणि जे घेतात त्यांच्याकडे कधी ना कधी वाद होतोच. वाद बहुधा रकमेचा नसतो. "नुसती सही तर करायची हाय, तिचे कसले पैसे?" असा तो असतो.

तपासणीच्या फीत काय येते

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, उत्तरेश्वर पेठ किंवा कसबा बावडा इथला जुन्या वळणाचा फॅमिली डॉक्टर औषध आपल्याच दवाखान्यातून देतो. तपासणी, दोन-तीन दिवसांच्या गोळ्यांच्या पुड्या आणि गरज पडलीच तर इंजेक्शन, सगळे मिळून एकच रक्कम. वेगळे बिल नाही, बहुतेकदा पावतीही नाही. सुटे नसले तर "ऱ्हाऊ द्या, पुढच्या खेपेला द्या" यावर भागते. या रकमेत लिखापढीचा वाटा धरलेलाच नसतो. तो धरायचा ठरवला, तर आयुष्यात कधी दाखला न मागणाऱ्या म्हातारीलाही प्रत्येक खेपेला तो भरावा लागेल. ज्याला कागद हवा त्याने त्याचे पैसे द्यावेत, ही मांडणी म्हणून अधिक न्याय्य ठरते.

या कामाचे पैसे दुसरे कोणी देतही नाही. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी दवाखान्यातल्या साध्या तपासणीचा खर्च उचलत नाहीत, मग तिथल्या कागदाचा कुठून उचलणार? खासगी डॉक्टरला सरकारकडून पगार नाही. गंमत अशी की कागद मागणारा बहुधा रुग्ण नसतोच. तो मागतो कंपनीचा एचआर विभाग, शाळा, विमा कंपनी किंवा आरटीओ. हेलपाटा आणि पैसे मात्र रुग्णाच्या वाट्याला येतात. एका दिवसाच्या तापासाठी दाखला आण म्हणणाऱ्या कारखान्याने त्या दाखल्याचे पैसेही द्यायला हवेत, पण तशी पद्धत इथे रुजलेली नाही.

जिथे उपचार मोफत आहेत तिथेही हा प्रश्न सुटलेला नाही. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ पासून चालू आहे आणि फॅमिली डॉक्टरकडे दाखवायला तिथे पैसे पडत नाहीत. पण तिथले बहुतेक डॉक्टर सरकारचे नोकर नसून कंत्राटावर काम करणारे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. कंत्राटात जी कामे लिहिलेली आहेत ती मोफत. प्रवास रद्द झाल्याचा विमा, जिम किंवा खासगी शाळा यांच्यासाठीची पत्रे त्यात नाहीत, म्हणून त्यांची फी वेगळी. आजारपणाचे पहिले सात दिवस कर्मचाऱ्याने स्वतःच लिहून द्यायचे असतात, त्यानंतरचा दाखला डॉक्टर मोफत देतो. हा सात दिवसांचा नियम आपल्याकडे उचलण्यासारखा आहे. सर्दी-तापाच्या चिठ्ठ्यांसाठी दवाखान्यात होणारी निम्मी गर्दी त्याने हटेल.

सहीच्या मागचे काम

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रजेच्या दाखल्याचा नमुना दिलेला आहे. तो नीट वाचला की 'नुसती सही' म्हणजे काय ते कळते. वर रुग्णाची सही किंवा अंगठा, तोही डॉक्टरसमोर केलेला. अंगावरची ओळखखूण. त्याखाली डॉक्टरने लिहून द्यायचे, की मी या व्यक्तीला काळजीपूर्वक तपासले, तिला अमुक आजार आहे आणि प्रकृती सुधारण्यासाठी अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणे अत्यावश्यक आहे. सोबत आजाराचे स्वरूप, लक्षणे, कारणे आणि कालावधी यांचा थोडक्यात गोषवारा. शिवाय दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद वेगळ्या नोंदवहीत करायची आणि एक प्रत जपून ठेवायची. (२ ऑगस्ट २०२३ रोजी, या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले होते, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले, त्यामुळे २००२ ची संहिताच चालू राहिली.)

प्रत्यक्षात छापील पॅडवर तीन ओळी लिहून शिक्का मारला जातो आणि नोंदवही क्वचितच कुठे दिसते. लोकांना दिसतात त्या तीन ओळी, म्हणून पैसे जास्त वाटतात. सगळा नमुना पाळणारा डॉक्टर पंधरा-वीस मिनिटे घेतो, आणि संध्याकाळी बाकावर दहा पेशंट बसलेले असताना ती कुणाच्या तरी वाट्याची जातात.

नमुना १-अ हे याचे चांगले उदाहरण. चाळिशी ओलांडलेल्याला परवान्याचे नूतनीकरण करताना आणि मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवणाऱ्याला तो लागतो. त्यात डॉक्टरला विचारलेले असते: अर्जदाराला लाल आणि हिरवा रंग सहज ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? ऐकू कितपत येते? भर दिवसा पंचवीस मीटर अंतरावरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का? पेठेतल्या दहा बाय बाराच्या दवाखान्यात पंचवीस मीटर आणायचे कुठून? प्रामाणिक डॉक्टर माणसाला गल्लीत उभे करून कोपऱ्यावरच्या मोटारीचा नंबर वाचायला लावतो. बाकीचे सगळ्या रकान्यांत एकाच झटक्यात पेन फिरवतात. शुल्क दोघेही घेतात. ते मिळवलेले असते पहिल्यानेच.

खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांचा दाखलाही असाच. अन्नसुरक्षा नियमांनुसार हॉटेल, बेकरी, मिठाईचे दुकान इथल्या कामगारांची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते: शरीर, डोळे, त्वचा, शिवाय विषमज्वरासारख्या रोगांच्या लसी. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या खानावळीचा मालक तपासणी जवळ आली की आठ पोरांना एका रिक्षात घालून पाठवतो आणि 'सगळ्यांचे मिळून किती' असे विचारतो. पोरांचे हात उलटेपालटे करून नखे आणि बोटांच्या बेचक्यांतली खरूज पाहायची, तर एकेकाला वेळ द्यावा लागतो. घाऊक दर मागणारा मालक नकळत घाऊक तपासणीच मागत असतो.

जबाबदारी

उपचारात डॉक्टरचे नाते फक्त रुग्णाशी असते. दाखल्यात तिसरा पक्ष येतो, जो त्या कागदावर विसंबून रजा, पैसे किंवा परवाना देतो. म्हणून खोट्या दाखल्याची शिक्षाही जड आहे. आचारसंहितेनुसार असत्य, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला देणाऱ्याचे नाव नोंदणीतून काढता येते. पुराव्यात चालणारा दाखला जाणूनबुजून खोटा देणे हा फौजदारी गुन्हा आहे; पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम १९७ खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २३४ खाली येतो. दाखला वादात सापडला तर डॉक्टरला दवाखाना बंद ठेवून साक्षीला जावे लागते.

आणि तरीही सर्वांत जास्त मागणी असते ती मागच्या तारखेच्या दाखल्याला. "डॉक्टर, सोमवारपास्नंचं टाका की, घरचंच हाय" असे म्हणत शुक्रवारी येणारा माणूस लहानपणापासून त्याच दवाखान्यात आलेला असतो. त्याच्या वडिलांचे बीपीही तिथेच निघालेले असते. नाही म्हणणे कायद्याने सोपे आणि गल्लीत अवघड. काही डॉक्टरांनी यावर काढलेली वाट ठीक आहे: 'आज तपासले, रुग्णाच्या सांगण्यानुसार सोमवारपासून त्रास' एवढेच लिहायचे, तारीख आजचीच. कार्यालयाला चालले तर चालले. जास्त पैसे घेऊन हवी ती तारीख घालणारेही आहेत, आणि सगळ्याच शुल्काकडे लोक संशयाने पाहतात ते त्यांच्यामुळे. शुल्क तपासून लिहिण्याच्या कामाचे असते, मजकूर रुग्णाच्या मनासारखा येण्याचे नसते. तपासणीनंतर डॉक्टरने दाखला नाकारला तरी तपासणीची फी देणे लागते, हे काउंटरवर समजावणे सर्वांत कठीण जाते.

विम्याचे कागद

सर्वांत वेळखाऊ काम हे. रुग्णालयात दाखल झालेल्याचा मेडिक्लेम मंजूर करताना विमा कंपनी विचारते, की मधुमेह किंवा रक्तदाब कधीपासून आहे? पहिल्या तपासणीचा कागद द्या. तो कागद फॅमिली डॉक्टरकडे असतो, किंवा असायला हवा. २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी घेण्याआधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. म्हणजे डॉक्टरने 'दोन वर्षे' लिहिले की 'पाच वर्षे', यावर लाखोंचा दावा हलतो. एलआयसीच्या मृत्यूदाव्यातही शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा 'दावा फॉर्म बी' असतो. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर माहिती दडवल्याच्या कारणाने ती नाकारता येत नाही, म्हणून त्याआधीच्या मृत्यूत कंपनी तारखा बारकाईने पाहते.

हे भरायला जुन्या नोंदी शोधाव्या लागतात. संहितेने तीन वर्षे नोंदी जपण्याचे बंधन घातले आहे ते दाखल रुग्णांच्या बाबतीत. बाह्यरुग्णाचा केसपेपर बहुधा रुग्णाच्याच हातात दिलेला असतो आणि घरातून हरवतो. कोल्हापुरात त्यात पंचगंगेची भर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शाहूपुरी, नागाळा पार्कच्या सखल भागांत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या कपाटातली वही अशा वेळी वाचत नाही. आठवणीवरून 'सात वर्षांपासून' असे लिहिणे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही महागात पडू शकते.

रुग्णाची माहिती कंपनीला देण्याआधी त्याची लेखी संमती लागते. गोपनीयता भंग करणे हा गैरवर्तनाचा मुद्दा ठरतो, म्हणून 'कंपनीचा माणूस आलाय, काय असेल ते सांगा' याला नकार मिळतो तो ताठ्यामुळे नव्हे.

जिथे पैसे घेता येत नाहीत

मृत्यूच्या कारणाचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १० (३) प्रमाणे शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने तो विनामूल्य द्यायचा आहे. घरी मृत्यू झाल्यास नमुना ४-अ लागतो. रात्री-अपरात्री घरी येऊन तपासल्याची भेट-फी ही वेगळी बाब. पण दाखल्यासाठी म्हणून पैसे मागणे बेकायदा आहे, आणि दुःखात असलेले घर हे सहसा विचारत नाही. ज्या डॉक्टरने त्या आजारात उपचारच केले नव्हते, त्याने ओळखीखातर दाखला देणेही चूक.

गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागल-हातकणंगले वसाहतींतल्या कारखान्यांमध्ये राज्य कामगार विमा योजनेखाली येणाऱ्या कामगारांना आजारपणाचे प्रमाणपत्र योजनेच्या डॉक्टरकडून मोफत मिळते. त्यावरच वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने आजारपण लाभ मिळतो. तरीही फौंड्रीतला कामगार जवळच्या खासगी डॉक्टरकडे पैसे देऊन दाखला घेतो आणि लाभासाठी तो उपयोगी पडत नाही हे नंतर कळते.

रुग्णाच्या स्वतःच्या नोंदींचे वेगळे आहे. मागणी केल्यावर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. झेरॉक्सचा रास्त खर्च घेता येतो, पण बिल थकले म्हणून कागद अडवून ठेवणे नियमात बसत नाही.

फॅमिली डॉक्टरच्या हातात नसलेले दाखले

अपंगत्वाचे प्रमाणपत्र नेमलेल्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडूनच मिळते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जावे लागते, आणि कोल्हापूरकरांसाठी ते म्हणजे मुख्यतः सीपीआर, अर्थात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. अमरनाथ यात्रेचे आरोग्य प्रमाणपत्रही सरकारने नेमलेल्या डॉक्टरांचेच चालते. यासाठी शेजारच्या दवाखान्यात दिलेले पैसे वाया जातात, आणि ते आधीच सांगणे हे डॉक्टरचे काम आहे.

दर आणि तक्रार

संहितेनुसार डॉक्टरने आपली फी आणि इतर आकार दवाखान्यातल्या फलकावर लावायचे आणि काम करण्याआधी सांगायचे. दाखल्यांचे दर त्या फलकावर लिहिलेले असले की निम्मे वाद उद्भवतच नाहीत. बहुतेक दवाखान्यांत तिथे देवाचा फोटो आणि 'उधारी बंद' एवढेच असते. गरीब विद्यार्थ्याकडून किंवा निराधार योजनेच्या अर्जासाठी आलेल्याकडून पैसे न घेण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, ती मात्र कुठे लिहिलेली नसते.

खोट्या दाखल्याची किंवा गैरवर्तनाची तक्रार डॉक्टरच्या पदवीप्रमाणे वेगवेगळ्या परिषदेकडे जाते. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आयुर्वेदाची पदवी असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, होमिओपॅथीची असेल तर त्या शाखेची परिषद. कोल्हापूरचे बरेच फॅमिली डॉक्टर दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातले आहेत. काही कार्यालये एमबीबीएसच्याच सहीचा आग्रह धरतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी कुणाची सही चालेल हे कार्यालयात विचारून घेतलेले बरे.